पाटी बदलली, काम बदललं का?

ऐरोलीत ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एक जुना, मोठा आयटी कॅम्पस आहे. त्यावर आधी पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सची पाटी होती. २०११ साली आयगेटने पटनी विकत घेतली आणि पाटी बदलली. २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने सुमारे चार अब्ज डॉलर मोजून आयगेट घेतली आणि पाटी पुन्हा बदलली. २०१० मध्ये इथे रुजू होऊन जागचा न हललेल्या इंजिनिअरच्या बायोडेटावर त्यामुळे तीन कंपन्यांची नावं दिसतात. राजीनामा मात्र त्याने एकदाही दिलेला नाही.

याच पटनीतून १९८१ साली सात जण बाहेर पडले आणि त्यांनी २ जुलैला पुण्यात स्वतःची कंपनी नोंदवली. तिचं कागदोपत्री नाव होतं ‘इन्फोसिस कन्सल्टंट्स प्रायव्हेट लिमिटेड’. नारायण मूर्ती तेव्हा चौतीस वर्षांचे होते. नंदन नीलेकणी मात्र १९७८ साली आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेले, म्हणजे नोकरीला जेमतेम तीन वर्षं झालेली. आजच्या एचआरच्या भाषेत हे सरळ ‘अर्ली अॅट्रिशन’.

नेरुळच्या तेरणा किंवा ऐरोलीच्या दत्ता मेघे कॉलेजातून बाहेर पडून कन्सल्टिंगमध्ये शिरलेल्या पोरापोरींपुढे दीड-दोन वर्षांत जो प्रश्न उभा राहतो, त्याला या दोन्ही गोष्टींतून थेट उत्तर मिळत नाही. सगळेच काही इन्फोसिस काढायला निघालेले नसतात. बहुतेकांना फक्त एका फर्ममधून दुसऱ्या फर्ममध्ये जायचं असतं. गेटबाहेरच्या टपरीवर त्याला ‘स्विच मारणं’ म्हणतात आणि राजीनाम्याला ‘पेपर टाकणं’. लवकर स्विच मारावा की मारू नये, यावर घरचे, एचआरवाले, सीनियर आणि वर्षभर आधी स्विच मारलेले मित्र छातीठोकपणे वेगवेगळं सांगतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसती पाटी बदलणार असेल तर थांबावं आणि कामाची जात बदलणार असेल तर महिने मोजत बसू नये.

कामाची जात म्हणजे काय, हे नवी मुंबईत राहणाऱ्याला पटकन कळतं, कारण इथे ती भूगोलात दिसते. मॅकिन्झी, बीसीजी, बेन यांसारख्या व्यूहरचनेच्या फर्म आणि डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या ‘बिग फोर’च्या सल्लागार शाखा यांची मुख्य ठाणी खाडीपलीकडे, मुंबईत. खाडीच्या अलीकडे, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात अॅक्सेंचर, कॅपजेमिनी, कॉग्निझंट, एलटीआयमाइंडट्री यांचं तंत्रज्ञान-सल्लागारीचं आणि डिलिव्हरीचं काम. त्याच्या जोडीला एमआयडीसीच्या टीटीसी पट्ट्यात आणि आसपास प्रोसेस, पायपिंग, स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरिंग कन्सल्टन्सी. एक जण क्लायंटच्या संचालकाला काय करायचं ते सांगतो आणि दुसरा ते सांगितलेलं करून देतो. दोघांच्याही आयकार्डावर ‘कन्सल्टंट’च लिहिलेलं असतं. (खुद्द नवी मुंबईची कल्पनाही अशीच एका सल्ल्यातून आली. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ती मांडली, तीही कुणी मागितलेली नसताना. सिडको आली १९७० मध्ये.)

या फर्मच्या बाबतीत नवख्यांना चकवणारी आणखी एक गंमत आहे. बिग फोरमध्ये एकाच लोगोखाली दोन वेगळ्या कंपन्या नांदतात. भारतातल्या क्लायंटसाठी काम करणारी इथली फर्म वेगळी आणि अमेरिका-युरोपातल्या शाखांना इथून मनुष्यबळ पुरवणारं सेवा-केंद्र वेगळं. पगारपत्रक, बढतीची शिडी, कामाच्या वेळा, सगळं निराळं. सेवा-केंद्रातल्याला इथल्या फर्ममध्ये जायचं असेल तर बहुधा रीतसर राजीनामा देऊन नव्याने मुलाखत द्यावी लागते. मामाच्या मुलाला ‘मी बिग फोरमध्ये आहे’ एवढंच सांगून भागतं, पण पुढच्या मुलाखतीत ‘कुठल्या?’ हा प्रश्न येतोच.

माणसं इतक्या लवकर का सोडतात? पगार हे पहिलं कारण म्हणून सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे, कारण आतल्या आत मिळणारी वार्षिक वाढ आणि बाहेर पडल्यावर मिळणारी हाईक यांत मोठी दरी असते. पण खोलात गेलं तर बरेचदा प्रोजेक्टचं दुखणं निघतं. या धंद्यात फर्म तुमचे तास विकते. कुणाच्या वाट्याला चांगल्या क्लायंटचं काम येतं, कुणाच्या वाट्याला तीन वर्षं त्याच एका जुन्या सिस्टिमचा मेंटेनन्स, आणि हे ठरतं त्या आठवड्यात कोण मोकळं होतं त्यावर. मोकळं असणं हाही गुन्हाच. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षाला किमान २२५ दिवस बिल होणारं काम हवं आणि बेंचवर, म्हणजे बिनाप्रोजेक्ट, ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही, असा नियम केला. प्रोजेक्ट मिळवणं ही अशी अर्धी जबाबदारी कर्मचाऱ्याची झाली, की मग तो प्रोजेक्ट बाहेरही शोधणार. त्याला दोष कसा द्यायचा? इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत तर हे उघडच चालतं. रिफायनरीचं डिझाइन संपलं की मॅन-अवर संपले आणि अख्खा पायपिंगचा गट शेजारच्या कंपनीत. तिथे कुणी निष्ठेची भाषा करत नाही.

बाजाराची हवा किती झटकन फिरते, तेही बघायला हवं. जून २०२२ ला संपलेल्या तिमाहीत इन्फोसिसमधल्या गळतीचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्के होतं आणि टीसीएसमधलं सप्टेंबर २०२२ मध्ये २१.५ टक्के. त्या वर्षी एकाच वेळी तीन-तीन ऑफर खिशात घेऊन फिरणारी मुलं होती. २०२४ संपताना दोन्हीकडचे आकडे १३-१४ च्या आसपास उतरले आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. २०२२ मध्ये स्विच मारलेल्या दादाचा सल्ला आज जसाच्या तसा घेऊ नये, तो यासाठी.

‘किमान दोन वर्षं काढ’ हा सल्ला मात्र सगळ्याच तोंडून ऐकू येतो. तो कायदा नाही, पण त्यामागे हिशेब आहे. जुलैत रुजू झालेल्याचं पहिलं मूल्यमापन अर्धवट वर्षाचं असतं. पूर्ण वर्षाचं रेटिंग हातात पडेपर्यंत दीड-पावणेदोन वर्षं जातात आणि पहिली बढती त्याच सुमारास येते. त्याआधी निघालात तर पुढच्या फर्ममध्येही तळाच्याच पायरीवर बसवतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलाखतीत नेमकं काय होतं ते बघा. उमेदवार सांगतो, ‘आम्ही एका बँकेसाठी कर्जमंजुरीची सगळी प्रक्रिया नव्याने बसवली.’ समोरचा मॅनेजर मान डोलावतो आणि विचारतो, ‘त्यात तुझ्याकडे काय होतं?’ ‘मी डेटा बघायचो.’ ‘म्हणजे?’ ‘शाखांकडून एक्सेल यायच्या, त्या एकत्र करायचो.’ ‘एखादी शाखा चुकीचे आकडे द्यायची तेव्हा काय करायचास?’ इथे ज्याने खरंच ते निस्तरलेलं असतं तो दहा मिनिटं बोलतो. कुठल्या शाखेत काय घोळ व्हायचा, कुणाला फोन करायला लागायचा, शेवटी कुठला रकाना टेम्प्लेटमधूनच काढून टाकला, सगळं सांगतो. ज्याने नुसतं कॉपी-पेस्ट केलेलं असतं त्याची गाडी तिथेच अडते. एखादं काम सुरुवातीपासून क्लायंटच्या सहीपर्यंत पाहिलेलं असणं, हा दोन वर्षांचा खरा अर्थ. ते कुणाचं चौदा महिन्यांत होतं, कुणाचं तीस महिन्यांतही नाही.

आता पगाराकडे वळू. ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर ठळक आकडा असतो आणि खरी गोष्ट असते जोडपत्रात. उदाहरण म्हणून समजा, सध्याचा सीटीसी आठ लाख आहे आणि नवी ऑफर दहा लाख चाळीस हजारांची. पेढे वाटण्याजोगी तीस टक्के हाईक. आता जोडपत्र उघडा. जॉइनिंग बोनस ऐंशी हजार, एकदाच मिळणारा आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. व्हेरिएबल एक लाख वीस हजार, कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर अवलंबून. बेसिक पाच लाख धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ साठ हजार आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी सुमारे चोवीस हजार. ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांनी मिळते आणि तुम्ही तर दोन वर्षांत सोडायची सवय लावून घेताय, म्हणजे ते पैसे कागदावरच. हे सगळं वजा केलं की महिन्याला साधारण त्रेसष्ट हजार उरतात. जुन्या आठ लाखांत बेसिक चार लाख आणि व्हेरिएबल फक्त चाळीस हजार धरून तोच हिशेब केला तर महिन्याचे सुमारे सत्तावन्न हजार सातशे येतात. म्हणजे दरमहा वाढले पाच हजार तीनशे, नऊ टक्के. तेही स्वतःचा पीएफ आणि कर कापण्याआधी. शिवाय नेरुळहून ऐरोलीला ट्रान्स-हार्बरने अर्ध्या तासात पोचणारा माणूस आता कुर्ल्याला गाडी बदलून लोअर परळच्या बाजूला जाणार, त्याचं भाडं आणि रोजचे दोन जादा तास वेगळेच. त्या तासांत क्लायंटसमोर बसायला मिळणार असेल तर जरूर जावं. तेच एक्सेल तिथेही जोडायचे असतील तर नऊ टक्क्यांसाठी खाडी ओलांडण्यात शहाणपण नाही.

कायद्याची बाजू या सगळ्यात सर्वात कमी ठाऊक असलेली आणि सर्वात जास्त घाबरवणारी. ‘बाँड भरलाय’, ‘प्रतिस्पर्ध्याकडे जाता येणार नाही अशी सही केलीय’ असं म्हणत मुलं रात्र-रात्र जागतात. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे माणसाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. हे कलम डेव्हिड डडली फील्ड या न्यूयॉर्कच्या वकिलाने केलेल्या मसुद्यावरून घेतलेलं. त्याच मसुद्यावरून, त्याच १८७२ साली, कॅलिफोर्नियानेही आपला कायदा केला. सिलिकॉन व्हॅलीत माणसं या कंपनीतून त्या कंपनीत बिनधास्त उड्या मारतात, त्याचं श्रेय काही अभ्यासक त्या तरतुदीला देतात. या एका बाबतीत रबाळे आणि सिलिकॉन व्हॅली एकाच आजोबांची नातवंडं आहेत.

पण नोकरी चालू असतानाचं बंधन आणि सोडल्यानंतरचं बंधन यांत न्यायालयांनी फरक केला आहे. तो ज्या खटल्यात ठळक झाला तो इथून हाकेच्या अंतरावरचा. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्ड विभागात एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर १९६३ साली लागला. कंपनीने टायर कॉर्डचं तंत्र परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलं होतं. वर्ष-दीड वर्षात तो जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. हेही तसं अर्ली स्विचच. कायद्याच्या पुस्तकांत गोलीकारी खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कराराची मुदत चालू असेपर्यंत दुसरीकडे तेच काम न करण्याची अट वैध आहे. पुढे २००६ मध्ये श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं प्रकरण आलं. त्याचं व्यवस्थापन बघणाऱ्या पर्सेप्ट डी’मार्कला करार संपल्यावरही पहिला हक्क हवा होता. करार संपल्यानंतरचं असं बंधन कलम २७ पुढे टिकत नाही, असं तिथे ठरलं.

बाँडचं गणित वेगळं. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेची आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट योग्य ठरवली. ती अट नोकरी बदलायला मनाई करत नाही, भरतीचा खर्च भरून मागते, असा त्यामागचा विचार. बँक सार्वजनिक क्षेत्रातली होती आणि तिला नव्याने भरतीची सगळी प्रक्रिया करावी लागते, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. तेव्हा ‘बाँडला काही अर्थ नसतो’ हे टपरीवरचं ज्ञान आता बाजूला ठेवावं. रक्कम खर्चाच्या मानाने वाजवी आहे का, तुम्हाला खरंच काही प्रशिक्षण दिलं होतं का, हे प्रश्न उरतात. सक्तीने कामावर बसवून मात्र कुणालाच ठेवता येत नाही.

आयटीतला याचा गाजलेला वाद २०२२ च्या एप्रिलचा. इन्फोसिसच्या नियुक्तिपत्रात अशी अट होती की सोडल्यावर सहा महिने, आधी ज्या क्लायंटचं काम केलं त्याचंच काम करावं लागणार असेल, तर नावानिशी दिलेल्या प्रतिस्पर्धी कंपन्यांत जायचं नाही. त्या यादीत टीसीएस, अॅक्सेंचर, आयबीएम, कॉग्निझंट आणि विप्रो. पुण्याच्या ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार नेली. असल्या अटींचा उपयोग कोर्टात कमी आणि धाक घालायला जास्त, असं माझं मत आहे. क्लायंटची कागदपत्रं, किमती, मॉडेल सोबत नेणं हा मात्र वेगळा आणि खरा गुन्हा. पेनड्राइव्ह किंवा स्वतःच्या जीमेलवर पाठवलेली एक फाइल अख्खं करिअर संपवू शकते.

प्रतिस्पर्ध्याकडे जायला बंदी घालणाऱ्या करारांचा प्रश्न अमेरिकेतही सुटलेला नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये देशभर असे करार बंद करायचा नियम केला. तो टेक्सासच्या न्यायालयात पाडणारी पहिली वादी कंपनी होती रायन, कर-सल्ला देणारी फर्म. सप्टेंबर २०२५ मध्ये कमिशनने अपीलही सोडून दिलं. माणसं धरून ठेवायची सर्वात जास्त धडपड सल्ला विकणारेच करतात, कारण त्यांच्याकडे माणसांशिवाय विकायला दुसरं काही नसतं.

घरच्यांचं काय? वाशी-नेरुळच्या सिडकोच्या घरांत वाढलेल्या पिढीचे आईवडील बँकेत, वीज मंडळात, बीएआरसीत, एपीएमसीत एकाच खात्यात तीस वर्षं काढलेले. ‘इतक्यात सोडलीस? लोक काय म्हणतील?’ हा त्यांचा धसका खोटा नाही. गृहकर्ज देणारी बँक नोकरीचं सातत्य बघते आणि स्थळ सांगून आलेली मंडळीही बघतात. पण ते ज्या नोकरीची आठवण काढतात तिच्यात पेन्शन होतं. इथे तीन वर्षांनी कंपनीचंच नाव तेच राहील की नाही, याची खात्री नसते.

एका बाबतीत दोन वर्षांचा नियम पूर्ण गुंडाळून ठेवावा. जुलै २०२४ मध्ये पुण्यात ईवायच्या जाळ्यातल्या एका लेखापरीक्षण फर्ममध्ये लागून चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या सीए मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणामुळेच हे झालं, असं तिच्या आईने पत्र लिहून म्हटलं आणि ते पत्र देशभर वाचलं गेलं. कंपनीने तो आरोप मान्य केला नाही. नंतर कामगार खात्याच्या तपासणीत आढळलं की ते पुण्याचं कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच न करता चालत होतं. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, शनिवार-रविवारही क्लायंटचे झाले असतील, तर बायोडेटावर चार महिने दिसणं ही फार किरकोळ अडचण आहे. दुसरी ऑफर हातात नसली तरी निघावं.

बाकी वेळी निघण्याआधी आतलं दार ठोठावून बघावं. मोठ्या फर्ममध्ये एका विभागातून दुसऱ्यात, डिलिव्हरीतून सल्लागारीत, अंतर्गत बदली मागता येते आणि बहुतेक मुलं ती मागतच नाहीत. सीए करणाऱ्यांना तर पर्यायच मर्यादित. जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली असली, तरी मध्येच फर्म बदलायची तर प्रिन्सिपलच्या सहीचा फॉर्म १०९ लागतो आणि ठरावीक काळानंतर पटेल असं कारणही. आणखी एक गोष्ट. पेपर टाकल्यावर मॅनेजर केबिनमध्ये बोलावून ‘तिकडे देतात तेवढं आम्ही देतो’ म्हणाला, तर पैशासाठी थांबू नये. ज्या कामाला कंटाळून निघालात ते काम सोमवारी तिथेच असतं.

निघायचं ठरलंच, तर कागद नीट करावेत. लेखी ऑफर आणि पार्श्वभूमी-पडताळणी पूर्ण झाल्याखेरीज राजीनाम्याचा मेल जाऊ देऊ नये. जुना पीएफ काढू नये, त्याच यूएएनवर हस्तांतरित करावा, कारण पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो आणि हस्तांतर केलं तर आधीची वर्षंही मोजली जातात. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर आधीचा पगार नव्या कंपनीला कळवावा. नाही तर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने कमी कर कापतात आणि विवरणपत्र भरताना एकदम भुर्दंड बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवं, याची एचआरला नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

शेवटी एक मागणी फर्मकडे. पहिल्या तीन वर्षांतल्या पोरांना लावलेली ९० दिवसांची नोटीस बंद करा. ती हँडओव्हरसाठी असते यावर कुणाचाच विश्वास नाही, कारण पहिल्या पंधरवड्यात केटी, म्हणजे कामाची माहिती सोपवणं, आटोपतं आणि पुढचे अडीच महिने माणूस नुसता बसवून ठेवलेला असतो. त्यातच समोरची ऑफर रद्द होते आणि मुलगा ना घरचा ना घाटचा होतो. नोटीस ३० दिवसांची करा, दोन्ही बाजूंना सारखी, आणि रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशी हातात द्या.